प्लॉट दाखवता ना, मग खड्ड्यात पाणी ओतूनही दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या तुमच्या पेपरात बायपासपलीकडच्या एका नवीन कॉलनीची पानभर जाहिरात बघितली. क्लब हाऊस आहे, मंदिर आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, एअरपोर्टला किती मिनिटं आणि राजवाड्याला किती मिनिटं तेही आहे. मी मात्र चष्मा लावून खालच्या बारीक अक्षरांपर्यंत एकच गोष्ट शोधत होते, की ह्या घरांचं संडास-बाथरूमचं पाणी जाणार कुठे. ते कुठेच नव्हतं. नसतंच. आम्ही प्लॉट घेतला तेव्हाही नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझा जन्म रामबागेतला, लग्नानंतर लोकमान्य नगर. म्हणजे साठ वर्षं इंदुरात काढली पण घाण पाणी कुठे जातं हा प्रश्न कधी डोक्यातच आला नाही, लाईन होती, पाणी जायचं, विषय संपला. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर (म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं) झालं तेव्हा आम्ही सोसायटीत पेढेसुद्धा वाटले होते. रिटायर झाल्यावर ह्यांना वाटलं जरा मोकळी हवा, दोन झाडं, म्हणून बायपासच्या पलीकडे 30 बाय 50 फुटांचा प्लॉट घेतला, शेजारचा तेवढाच जाऊबाईंनी घेतला. दहा वर्षांपूर्वी तिथे सोयाबीन होतं. निगमची ड्रेनेज लाईन अजून तिथे आलेली नाही, येणार आहे, येणार आहे असं दर वर्षी ऐकतो. तोपर्यंत घरोघरी सेप्टिक टँक आणि त्याच्या मागे सोकपिट, म्हणजे टँकमधून निघालेलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा. (आमचे मिस्त्री त्याला शेवटपर्यंत सेफ्टी टँक म्हणत राहिले. मी शाळेत शिकवलंय, दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.)

आमचा खड्डा मे महिन्यात खणला. ठेकेदार हुशार माणूस, मला उन्हात उभं करून त्याने टँकरचा पाइप जमिनीवर सोडला आणि म्हणाला, "देखिए मैडम, कितना पानी पी रही है जमीन." आणि खरंच, काळ्या जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की हात कोपरापर्यंत आत जाईल, पाणी पडायचं आणि गडप. मी म्हटलं वा. चार फूट रुंद, दहा फूट खोल खड्डा ठरला होता, साडेआठ फुटांवर पत्थर लागला तिथेच थांबले, आत बोल्डर भरले, वर फरशी. "बीस साल की छुट्टी."

वीस वर्षं नाही, दोन महिने. जुलैत चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी सकाळी खालच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. कसलं पाणी ते लिहीत नाही, लोक चहा पिताना पेपर वाचतात. आधी वाटलं पाइप तुंबला, बांबू घातला, मग गाडी बोलावली, तिने टँक उपसला, पैसे घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी परत तेच. सोकपिटची फरशी उचलून बघितली तर खड्डा काठोकाठ भरलेला, विहीर झाली होती त्याची. त्या पावसाळ्यात सक्शनची गाडी किती वेळा आली ते कालनिर्णयवर ह्यांनी लिहून ठेवलंय, मी मोजत नाही. आणि शेजारी म्हणतात तुमच्यामुळे वास येतो, जसा काही त्यांचा खड्डा दुसऱ्या देशात आहे.

इथे एक गैरसमज सांगते कारण तो मलाही होता. मला वाटायचं सेप्टिक टँकमध्ये सगळं "जिरतं". अजिबात नाही. टँकमध्ये जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते, जंतू त्या गाळाचा थोडा भाग खातात, पण पाण्याचा हिशोब अगदी सरळ आहे, जेवढी बादली आत गेली तेवढी बादली दुसऱ्या टोकाने बाहेर पडणार, आणि ती स्वच्छ नसते. ते पाणी खरं रिचवायचं असतं मातीने. मग मातीला आधी विचारायला नको?

माझे मामा पीएचईतून, म्हणजे सरकारच्या पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेत, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न, "पर्कोलेशन टेस्ट केली होती का?" म्हणजे माती किती वेगाने पाणी रिचवते ते मोजलं होतं का. मी म्हटलं ठेकेदाराने पाणी ओतून दाखवलं की. मामा इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, मे महिन्यात माळव्याच्या काळ्या मातीवर पाणी ओतून बघणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत बसवून त्याची रोजची भूक ठरवणं. आपली ही काळी माती बसाल्टच्या खडकापासून बनलेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते, ती पाणी घेतलं की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात ज्या भेगांतून पाणी धो धो जातं त्याच भेगा एकदा माती भिजली की मिटून जातात आणि मग ती पालथ्या घड्यासारखी बसते. भेगांनी पाणी गिळलं त्याला मातीने पाणी रिचवलं असं म्हणत नाहीत. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

जाऊबाईंचं बांधकाम ह्या वर्षी सुरू व्हायचं होतं, म्हणून आम्ही ह्या मे महिन्यात त्यांच्या प्लॉटवर मामांना खुर्चीत बसवून ती टेस्ट नीट केली. आयएस 2470 हा 1985 चा भारतीय मानकांचा कोड आहे सेप्टिक टँकचा, त्यात ती दिलेली आहे, म्हणजे काही नवीन शोध नाही. मामा सांगत होते की मुळात ही पद्धत 1920 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या हेन्री रायन नावाच्या इंजिनियरने काढली, पाणी एक इंच खाली जायला किती मिनिटं लागतात एवढंच बघायचं, म्हणून आपल्या कोडमध्येही अजून 25 मिलिमीटर हाच आकडा आहे, तो एक इंचच आहे.

सामान काय लागतं तर पहार, फावडं, पाण्याचे दोन ड्रम, एक फूटपट्टी आणि मोबाईलचं घड्याळ. ज्या खोलीवर पुढे पाणी सोडणार त्या खोलीपर्यंत छोटा खड्डा घ्यायचा, चार इंच ते फूटभर रुंद, गोल चौकोनी काही चालेल. आता मला आवडलेली गोष्ट, फावड्याने ओली माती कापली की खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि तिच्यातून पाणी जातच नाही, म्हणून टोकदार सळईने भिंती खरवडून घ्यायच्या, सुटी माती काढायची आणि तळाशी दोन इंच बारीक खडी किंवा जाड वाळू टाकायची, नाहीतर पाणी ओतताना तळ ढवळून गाळाने बुजतो. मग खडीच्या वर फूटभर पाणी भरायचं. आणि ते रात्रभर मुरू द्यायचं! हीच ती पायरी जी ठेकेदार लोक गाळतात आणि आपल्याकडे खरी टेस्ट हीच आहे, कारण मातीला फुगायला वेळ द्यायचा असतो. सकाळी खड्ड्यात पाणी उरलं असेल तर खडीच्या वर सहा इंच पाणी राहील असं करायचं आणि अर्ध्या तासात किती मिलिमीटर उतरलं ते मोजायचं. पाणी उरलंच नसेल तर सहा इंच भरायचं, दर अर्ध्या तासाने मोजायचं, परत सहा इंच करायचं, असं चार तास, आणि हिशोबात फक्त शेवटचा अर्धा तास धरायचा. वाळूची जमीन असेल तर दहा-दहा मिनिटांनी तासभर, पण ते आपल्या नशिबात नाही.

आम्ही दोन ठिकाणी केलं. एक खड्डा तीन फुटांवर, काळ्या मातीत. संध्याकाळी पहिलं फूटभर पाणी बारा मिनिटांत गायब, ठेकेदार असता तर टाळ्या वाजवल्या असत्या. दुसरं भरलं ते तासाभराने गेलं. तिसरं झोपायच्या वेळेपर्यंत अर्धं उरलं होतं, परत भरलं. सकाळी पाणी तसंच उभं. सहा इंचाला आणून अर्धा तास मोजलं तर उतरलं फक्त 7 मिलिमीटर. म्हणजे 25 मिलिमीटरला 107 मिनिटं. नियम असा की 30 मिनिटांच्या वर आकडा गेला तर सोकपिट करू नका, जमिनीत उथळ चर काढून पाणी पसरवा, आणि 60 च्या वर गेला तर मातीत सोडूच नका. आमचा 107. त्याच जमिनीचा, जी आदल्या संध्याकाळी बारा मिनिटांत फूटभर प्यायली होती.

दुसरा खड्डा सहा फुटांवर, तिथे मुरूम लागतो. (मोठा खड्डा खणून त्याच्या तळाशी छोटा करावा लागला, जेसीबीवाल्याला वाटलं आम्ही धन शोधतोय.) तिथे सकाळी टिपूस नव्हता. चार तास मोजत बसलो, शेवटच्या अर्ध्या तासात 60 मिलिमीटर उतरलं, म्हणजे 25 ला साडेबारा मिनिटं. मी खूश. मामा गप्प.

मग त्यांनी कागद घेतला. एका चौरस मीटर मातीवर रोज किती लिटर पाणी सोडता येतं त्याचं सूत्र आहे, 204 भागिले त्या मिनिटांचं वर्गमूळ. साडेबाराला येतात 58 लिटर. घरात पाच माणसं, अंघोळ-कपडे-भांडी सगळं धरून मामांनी रोजचे 500 लिटर पकडले, म्हणजे साडेआठ-पावणेनऊ चौरस मीटर माती हवी. सोकपिटमध्ये बाजूच्या भिंती मोजतात. काळी माती पाच फुटांपर्यंत, साडेआठला पत्थर, मधे मुरूम फक्त साडेतीन फूट. चार फूट रुंदीच्या खड्ड्याच्या त्या साडेतीन फुटांच्या भिंतीचं क्षेत्रफळ होतं चार चौरस मीटर. म्हणजे दोन खड्डे केले तरी थोडे कमीच पडतात, आणि हा नव्या कोऱ्या मातीचा हिशोब, पुढे ह्या पाण्यातल्या चिकट गाळाने भिंती बुजत जातात ते वेगळंच.

आणि हे झालं मे महिन्याचं. कॉलनीच्या कोपऱ्यात जुन्या शेताची विहीर आहे, मे महिन्यात तळ दिसतो आणि ऑगस्टमध्ये वाकून लोटा भरता येतो. आमचा सोकपिट जुलैत विहीर का झाला ते मला तिच्या काठावर उभं राहिल्यावर कळलं. पावसाचं पाणी काळ्या मातीखालच्या मुरमात साठतं, खाली पत्थर असतो, ते कुठे जाणार, तर ते उलट आमच्या खड्ड्यात आलं. जमिनीच्या आतून पाणी भरतंय म्हटल्यावर आमचं पाणी ती कशी घेईल? पग पग रोटी डग डग नीर असं आपण माळव्याबद्दल अभिमानाने म्हणतो, ते नीर पावसाळ्यात खरंच एवढ्या वर असतं.

बरं, मुरमातून पाणी भरभर जातं हेही काही फार चांगलं लक्षण नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माती पाण्याला अडवते, गाळते, तेव्हाच जंतू मरतात, आणि मुरूम आणि त्याखालच्या तडकलेल्या खडकातून ते न गाळताच निघून जातं. कुठे? तर जिथे ओढ आहे तिथे, म्हणजे बोरिंगकडे. नर्मदेचं नळाचं पाणी आमच्याकडे अजून आलेलं नाही, सगळी कॉलनी बोरिंगवर. कोड म्हणतो असलं पाणी जमिनीत सोडायची जागा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर लांब पाहिजे, म्हणजे 59 फूट. आता 30 बाय 50 चा प्लॉट घ्या, ह्या कोपऱ्यात बोरिंग आणि कर्णाच्या त्या टोकाला सोकपिट, पायथागोरस लावा, सुमारे 58 फूट चार इंच. म्हणजे प्लॉटच्या दोन टोकांना जरी दोन्ही गोष्टी केल्या तरी नियमात बसत नाही, आणि शेजारच्यांचं बोरिंग तर अजून हिशोबात धरलेलंच नाही. मी आयुष्यभर गणित शिकवलं आणि नकाशा पास करताना हे साधं त्रिकोणाचं गणित मला सुचलं नाही, त्यावर शिक्का मारणाऱ्यालाही सुचलं नाही.

जाऊबाईंनी सोकपिट रद्द केला. टँकच्या पुढे एक फिल्टरचा कप्पा, त्यात खडी, पाणी खालून वर चढतं, आणि त्यापुढे तळाला प्लास्टिक घालून जमिनीच्या वर उचललेला वाफा, त्यात कर्दळ आणि केळी. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळं काढून झाडांना, म्हणजे टँकवर भार कमी. पावसाळ्यात कर्दळ किती पिणार हा प्रश्न आहेच, मामांनीही छातीठोक सांगितलं नाही, म्हणून एक भरून ठेवायची टाकी जास्तीची केली आहे आणि जुलैचं बघू. आमचा जुना खड्डा मात्र तसाच आहे, त्यात पैसे गेलेत, आणि ह्यांचा जीवही गुंतलाय.

त्या शेताचा आधीचा मालक अजून दूध घालायला येतो. त्याला सहज विचारलं तर म्हणाला, हा कोपरा ना, इथे सोयाबीन दर वर्षी पिवळं पडायचं, पाणी निघतच नव्हतं. फुकटात सांगितलं, विचारलं असतं तर रजिस्ट्रीच्या आधीही सांगितलं असतं. आणि हे इंदूर आहे, जिथे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 मातीत हात घालून बसले होते, आज जिथे कृषी कॉलेज आहे तिथे, आणि इथल्या शेणकचऱ्यातून निघालेल्या कंपोस्टला जगभर "इंदूर पद्धत" म्हणतात. ह्या गावाला माती समजत नाही असं तर कुणी म्हणू शकणार नाही ना.

माझं मागणं फार मोठं नाही. जिथे ड्रेनेज लाईन नाही तिथे कॉलनी पास करताना जमिनीच्या निदान पाच-सहा ठिकाणी, रात्रभर भिजवून, ही टेस्ट करावी, आणि त्या कागदावर आकड्याशेजारी खोली आणि महिना लिहावा, शिवाय जवळच्या विहिरीची ऑगस्टची पातळी. तो कागद प्लॉट घेणाऱ्याला नकाशाबरोबर द्यावा. आकडा 60 च्या वर असेल तर घरोघरी खड्डे नकोतच, कॉलनीवाल्याने सगळ्यांसाठी एक छोटा ट्रीटमेंट प्लांट बांधावा आणि त्याचा खर्च आधीच भावात धरावा, क्लब हाऊस थोडं लहान करा. मला माहितीये लोक म्हणतील की अजून एक कागद म्हणजे अजून एक खिडकी, अजून एक पाकीट, आणि टेबलावर बसूनच टेस्ट होतील. होतील, काही ठिकाणी नक्की होतील. म्हणूनच मी म्हणते प्लॉट घेणाऱ्याने स्वतः उभं राहून करून घ्यावी, एक संध्याकाळ आणि एक सकाळ लागते, तेवढा वेळ आपण छप्पन दुकानला खायला जाताना पार्किंग शोधण्यात घालवतो. आणि तुम्हालाही विनंती, अशी जाहिरात छापायला घेताना निदान एकदा विचारा की सांडपाणी कुठे जाणार, उत्तर आलं तर तेही छापा.

आपली एक जुनी वाचक,
इंदूर

ता. क. एक सांगायचं राहिलं. रात्रभर भरलेल्या खड्ड्यावर पत्रा ठेवून त्यावर दगड ठेवा. पहिल्या रात्री आम्ही तसाच उघडा ठेवला होता आणि सकाळी पाणी बरंच उतरलेलं बघून जाऊबाई आनंदल्या, मग मामांनी काठावरचे पायांचे ठसे दाखवले. मे महिना, कॉलनीतली सगळी कुत्री येऊन पाणी पिऊन गेली होती. सगळं परत करावं लागलं.